दीड मीटर दगडाची पेटी: बोगद्याचं इंजिनीअरिंग शिकतात म्हणजे काय शिकतात?

आमची भाची सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. ‘मामा, बोगद्यांच्या विषयात एमटेक करावं म्हणते. पण त्यात शिकवतात तरी काय? खणायलाच शिकवतात का?’ मागून तिच्या आईचा आवाज, ‘विचार त्याला, घरातला एक जण बिळात शिरतो तेवढं पुरे नाही का!’ फोनवर मी जे बोललो ते तुटक होतं. म्हणून इथे जरा नीट लिहितो.

सुरुवात पेटीपासून करू. बोगदा कुठून न्यायचा हे ठरवण्याआधी त्या वाटेवर बोअर मारतात. पोकळ नळीच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेलं बिट असतं. ते फिरत खाली जातं आणि दगडाचा दंडगोल नळीत अडकून वर येतो. हा कोअर, जाडीला मनगटाएवढा. हे तुकडे ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं पेटीच्या खणांत मांडून ठेवतात. भूमिगत अभियांत्रिकीच्या वर्गात पहिल्या काही आठवड्यांतच अशी पेटी विद्यार्थ्यापुढे येते. सोबत एक टेप, एक हातोडी आणि पाण्याचा फवारा, कारण कोरड्या दगडावर भेगा नीट दिसत नाहीत.

काम सोपं वाटतं. दीड मीटरच्या एका खेपेत आलेले तुकडे मोजायचे. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब असतील तेवढ्यांचीच बेरीज करायची आणि तिला दीडशेनं भागायचं. आलेल्या टक्केवारीला आरक्यूडी (रॉक क्वालिटी डेझिग्नेशन) म्हणतात. अमेरिकन भूवैज्ञानिक डॉन डीअर यांनी १९६० च्या दशकात हे माप रूढ केलं. समजा तुकडे निघाले ३८, २४, १७, १२ आणि ११ सेंटिमीटरचे. बेरीज १०२, म्हणजे ६८ टक्के. तक्त्यात पाहिलं तर ५० ते ७५ म्हणजे ‘मध्यम’ दगड. झालं, वही मिटली.

मग सर येतात आणि बाजूला टाकलेले दोन छोटे तुकडे उचलतात. एक ९ सेंटिमीटरचा, एक ७ चा. ते एकमेकांवर ठेवतात आणि तुटलेल्या बशीचे दोन भाग जुळावेत तसे ते चपखल बसतात. तुटीच्या जागी दगड ताजा, चकचकीत. ना गंज, ना माती, ना पाण्याचा डाग. ही भेग निसर्गाची नव्हेच, ड्रिलिंगच्या धक्क्यानं पडलेली. म्हणजे तो १६ सेंटिमीटरचा एकच तुकडा धरायला हवा. बेरीज ११८, आरक्यूडी ७९ टक्के, आणि दगड ‘मध्यम’मधून उठून ‘चांगला’मध्ये गेला. त्या एका वर्गाच्या फरकानं बोगद्यात बोल्ट किती ठोकायचे आणि काँक्रीटचा थर किती जाड द्यायचा हे बदलतं, म्हणजे पैसेही बदलतात. उलटी चूक झाली, जुनी भेग ताजी समजून जोडली, तर काय होईल हे सांगायला नको.

या विषयातलं बाकी सगळं त्या दोन तुकड्यांचा विस्तार आहे असं मी भाचीला म्हणालो, आणि ते मी फारसं वाढवून सांगत नव्हतो. जमिनीवर इमारत बांधताना माल आपण निवडतो. सिमेंट कुठलं, सळई किती जाड, काँक्रीटचा क्यूब २८ दिवसांनी किती भार घेतो, सगळं हातात असतं. जमिनीखाली माल आधीच भरलेला असतो, काही कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो बदलून मिळत नाही. पाच किलोमीटरच्या बोगद्यासाठी तुम्ही पंधरा-वीस बोअर मारलेत, तरी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेला दगड एका टेम्पोत मावेल एवढाच. उरलेला अंदाज. तो अंदाज कसा बांधायचा, किती ताणायचा आणि चुकतोय हे कशावरून ओळखायचं, यात पदवीची दोन वर्षं जातात.

आता दाबाकडे वळू. बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या, एका घनमीटरचं वजन साधारण २.८ टन. शंभर मीटर खाली गेलात की प्रत्येक चौरस मीटरवर २८० टनांचं ओझं. तिथे तुम्ही गोल भोक पाडलंत. त्या भोकाच्या जागचा दगड जे वजन पेलत होता ते आता कोण पेलणार? पालखीच्या चार भोयांपैकी एक बाजूला झाला की उरलेल्या तिघांच्या खांद्यावर जे येतं, तेच इथे होतं. ओझं भोकाच्या कडेला सरकतं. चारी बाजूंनी सारखा दाब धरला, तर गोल बोगद्याच्या भिंतीलगत तो बरोबर दुप्पट होतो. हे गणित जर्मन अभियंता कीर्श यानं १८९८ मध्ये मांडलं आणि आजही पहिल्या सत्रात तेच शिकवतात. दुप्पट म्हणजे ५६० टन, म्हणजेच एका चौरस सेंटिमीटरवर ५६ किलो. आकडा मोठा वाटतो, पण चांगला काळा पाषाण एका चौरस सेंटिमीटरवर हजार किलोच्याही पुढे पेलतो. त्याला हे काहीच नाही.

मग बोगदे ढासळतात कसे? एक कारण खोली. हिमालयात डोक्यावर हजार मीटर डोंगर आणि आजूबाजूला पापुद्रे सुटणारा फिलाइट दगड असेल तर तो दाब दगडाच्या ताकदीच्या वर जातो आणि बोगदा हळूहळू आवळत येतो. आपल्याकडे मात्र बहुतेकदा भेगांमुळे घात होतो. दगड मजबूत असतोच, पण तो एकसंध नसतो. तीन दिशांच्या भेगांनी त्याचे ठोकळे झालेले असतात, आणि बोगदा खणला की खालचा आधार गेलेला एखादा ठोकळा नुसत्या वजनानं निसटतो.

जुन्या वाड्याच्या दिंडीची कमान पाहिली असेल. घडीव दगड एकमेकांना दाबून धरतात म्हणून ती उभी असते. बोगद्याच्या माथ्यावरच्या ठोकळ्यांनाही असंच एकमेकांना धरायला लावायचं असतं. रॉकबोल्ट, म्हणजे तीन-चार मीटरच्या सळया, दगडात भोकं पाडून आत सिमेंटनं किंवा रेझिननं पक्क्या करतात. पुष्कळांना वाटतं की बोल्ट छत टांगून ठेवतो. कधी कधी तसंही असतं. पण त्याचं मुख्य काम गोधडीच्या धाग्याचं. धावदोरा घातला की जुनेराचे सुटे थर मिळून एक जाड वस्त्र होतं, आणि धागा काही गोधडी पेलत नसतो. वरून शॉटक्रीट, म्हणजे नळीतून जोरात मारलेलं काँक्रीट. ते ठोकळ्यांमधल्या फटी बुजवतं आणि पहिला खडा निसटू देत नाही. पहिला निसटला नाही की दुसराही बहुधा राहतो.

किती बोल्ट, किती शॉटक्रीट? इथे ‘क्यू’ नावाची पद्धत येते. निक बार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्वेत १९७४ मध्ये दोनशेहून अधिक प्रत्यक्ष उदाहरणं तपासून ती बसवली. सूत्र तीन भागाकारांच्या गुणाकाराचं. आरक्यूडी भागिले भेगांच्या संचांचा अंक, भेगेचा खरखरीतपणा भागिले तिच्यातली खराबी, आणि पाणी भागिले ताण. आपलीच पेटी घेऊ. आरक्यूडी ७९, भेगांचे तीन संच म्हणून तक्त्यातून ९. भेगा सपाट पण खरखरीत, म्हणून १.५. आत काही भरलेलं नाही, म्हणून १. पाणी नाही, जादा ताण नाही, म्हणून ते दोन्ही अंक १. उत्तर १३ च्या आसपास, म्हणजे ‘चांगला’. आता त्याच भेगांत निसरड्या मातीचा पातळ थर आहे असं धरा. १ च्या जागी ४ येतात आणि उत्तर साडेतीनच्याही खाली. दगडाची ताकद तीच, तुकड्यांची लांबी तीच, पण वर्ग ‘वाईट’. त्यात पाणी झिरपत असेल तर आणखी खाली, २.२. बोटावर पुसली जाईल एवढी माती, आणि तिच्यापायी आख्खं डिझाइन बदलतं. पेटीतला दगड धुण्याआधी भेगेवर बोट फिरवून पाहायचं असतं ते यासाठी. फवारा आधी मारलात की ती माती गेली!

हे शिकायचं कुठे, हा भाचीचा खरा प्रश्न होता. बारावीनंतर थेट ‘भूमिगत अभियांत्रिकी’ नावाची पदवी शोधायला जाऊ नये. आपल्याकडे तीन दारांतून लोक येतात, सिव्हिल, मायनिंग आणि भूशास्त्र. मायनिंगची पदवी नागपूरच्या व्हीएनआयटीत आहे, धनबाद आणि खरगपूरच्या आयआयटीत आहे. सिव्हिलवाले ‘गेट’ ही प्रवेशपरीक्षा देऊन जिओटेक्निकल किंवा रॉक इंजिनीअरिंगकडे वळतात. परदेशात कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स आणि इंग्लंडचं वॉरिक विद्यापीठ खास बोगद्यांच्या विषयात पदव्युत्तर पदवी देतं. तीन दारांतून आलेल्या माणसांची गंमत अशी, की सिव्हिलवाल्याला दगड वाचता येत नाही, भूशास्त्रवाल्याला गणिताची धास्ती असते आणि मायनिंगवाला म्हणतो, ‘पाच वर्षं टिकलं की झालं ना?’ खाणीतला रस्ता तात्पुरता असतो, मेट्रोचा बोगदा शंभर वर्षांसाठी. पहिलं सत्र तिघांची भाषा एक करण्यात जातं. मुलींनी मायनिंग घ्यावं का, हाही प्रश्न येतो. १९५२ च्या खाण कायद्यानं बायकांना जमिनीखालच्या खाणीत कामाला बंदी होती. २०१९ च्या सुरुवातीला तांत्रिक आणि देखरेखीच्या पदांसाठी ती शिथिल झाली. बोगद्यांच्या साइटवर मुली त्याआधीपासून आहेत.

भूशास्त्र हा सिव्हिलच्या पोरांनी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा विषय असतो. महाराष्ट्रात तर त्याची जास्तच हेळसांड होते, कारण ‘सगळीकडे काळा दगडच आहे की!’ नाही. साडेसहा कोटी वर्षांमागे लाव्हा एकदाच आला नाही, थर थर करत आला. एका थराचा मधला भाग घट्ट, वरचा बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेला, आणि ती भोकं नंतर पांढऱ्या-हिरवट खनिजांनी बुजलेली. दोन थरांच्या मध्ये कधी लाल बोलचा पट्टा असतो, म्हणजे मधल्या काळात कुजून माती झालेला, विटेच्या रंगाचा थर. सह्याद्रीच्या घाटात रस्त्यालगत कापलेल्या कड्यावर तो सहज दिसतो. कोरडा असताना बरा वाटतो, पाणी लागलं की भुसभुशीत होतो. बोगद्याच्या माथ्यावर हा पट्टा आला तर वरचा उत्तम बेसॉल्टसुद्धा कामाचा नाही, कारण तो खालून सुटा झालेला असतो. मुंबईत तर याहून गुंतागुंत. बेसॉल्टसोबत ब्रेशिया, टफ, मध्येच शेल. एकाच मेट्रो मार्गावर यंत्राला सकाळी एक दगड आणि आठवड्याभरानं दुसराच लागतो.

कोकणात उतरलं की पुस्तकच बदलतं. कोकण रेल्वेचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा दगडात आहे, तो लांबीला मोठा असूनही झाला. छळलं ते मऊ मातीतल्या बोगद्यांनी. गोव्यातला पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण त्यानं शेवटपर्यंत अडवलं, आणि पूर्ण मार्ग १९९८ च्या जानेवारीत सुरू झाला. वर जांभा दगड, तो हवेत कडक होतो आणि खिडकीसारखी चौकट कापली तरी उभा राहतो. त्याखाली पाण्यानं भरलेली चिकणमाती, तिला उभं राहणं माहीत नाही. खणलं की टूथपेस्टसारखी आत येते. हा बोगदा झाल्यावरही गप्प बसला नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये भिंतीचा भाग कोसळला, २०२४ च्या जुलैत आतून पाणी आणि चिखल उसळला आणि गाड्या थांबल्या. वर्गात ही उदाहरणं पुन्हा पुन्हा येतात, कारण बोगद्याची लांबी आणि अवघडपणा यांचा फारसा संबंध नसतो हे एरवी पटत नाही.

अशा ठिकाणी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळ. खणल्यावर छत आधाराशिवाय किती वेळ उभं राहील? चांगल्या दगडात महिने, वाईट मातीत काही मिनिटं. ऑस्ट्रियाचे राबसेविच यांनी १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत, जिला साइटवर सगळे ‘नॅटम’ (न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड) म्हणतात, ती या वेळेशीच खेळते. खणल्याबरोबर जाड, ताठ आधार दिला तर डोंगराचा सगळा जोर त्यावर येतो. थोडं सरकू दिलं तर दगड स्वतःच कमान धरतो आणि आधारावर कमी येतं. फार सरकू दिलं तर तो सैल होऊन पुन्हा अंगावर येतो. यातला मधला क्षण पकडायचा. त्यासाठी भिंतींवर आणि माथ्यावर खुणा बसवून रोज मिलिमीटरमध्ये अंतर मोजतात. आज ४, उद्या ३, परवा १, असा सरकण्याचा वेग कमी होत गेला की झोप लागते. ४, ४, ५ असा आला की फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

टीबीएम म्हणजे बोगदा खणणारं अवाढव्य यंत्र. वर्तमानपत्रांत फोटो त्याचेच येतात, म्हणून विद्यार्थ्यांना वाटतं हाच विषय. मुंबईच्या मेट्रो ३ साठी अशी १७ यंत्रं लागली, त्यांना वैतरणा, कृष्णा, गोदावरी अशी नद्यांची नावं होती. कोस्टल रोडच्या ‘मावळा’चा व्यास १२.१९ मीटर. पुढे खणायचं, मागे काँक्रीटच्या पाकळ्यांची रिंग बसवायची, त्या रिंगेला रेटा देऊन पुन्हा पुढे जायचं. वेग उत्तम, पण भोक फक्त गोल आणि मागे फिरणं नाही. गिरगाव-काळबादेवीसारख्या स्टेशनांचा काही भाग म्हणूनच नॅटमनं करावा लागला.

शहरात मुख्य प्रश्न खालचा नसतोच, वरचा असतो. साडेसहा मीटर व्यासाचा बोगदा मातीत २० मीटर खोल नेला आणि ठरल्यापेक्षा फक्त १ टक्का माती जास्त आत आली, तर काय होतं? बोगद्याचं तोंड ३३ चौरस मीटरचं, म्हणजे दर मीटरला जेमतेम ०.३३ घनमीटर. ती उणीव वर रस्त्यावर उथळ खळग्याच्या रूपात उमटते. १९६९ मध्ये राल्फ पेक यांनी दाखवलं की या खळग्याचा आकार उलट्या घंटेसारखा असतो. साध्या हिशेबानं मधोमध सुमारे १३ मिलिमीटर खचतं. चाळ सगळी सारखी १३ मिलिमीटर खाली गेली तर कुणाला कळणारही नाही. एक कोपरा १३ नं आणि दुसरा २ नं गेला तर जिन्याच्या भिंतीला तिरकी चीर पडते आणि दार लागेनासं होतं. मुंबईत दगड असल्यानं हे आकडे बरेच कमी राहतात. तरी मार्गावरच्या जुन्या इमारतींवर कल मोजणारी आणि चिरा मोजणारी यंत्रं लावावी लागतात, आणि ‘ही चीर आधीची की आत्ताची’ हे घरमालकाला समजावणंही इंजिनीअरलाच करावं लागतं. ते मात्र कुठल्याही अभ्यासक्रमात नाही.

सुरुंगांचा विषय वेगळाच रंगतो. सगळी भोकं एकदम उडवत नाहीत. आधी मधली, मग काही मिलिसेकंदांनी त्यांच्याभोवतीची, आणि कडेची सगळ्यात शेवटी, हलक्या दारूनं, म्हणजे उरणारा दगड दुखावत नाही. या शास्त्राची आपल्याकडची सगळ्यात धीट परीक्षा कोयनेला झाली. १३ मार्च १९९९ रोजी जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी बोगदा खालून जलाशयाच्या तळापर्यंत नेला, मध्ये दगडाचं बूच ठेवलं आणि भरलेल्या जलाशयाखाली ते उडवलं. धरण रिकामं न करता पाणी बोगद्यात घेतलं. फुटलेला दगड पाण्याच्या लोंढ्याबरोबर पुढे जाऊ नये म्हणून आधीच खड्डा खोदून ठेवलेला होता. मला या सगळ्यात त्या खड्ड्याचंच फार कौतुक वाटतं.

वायुविजन, धूळ, आग लागली तर धूर कुठल्या बाजूला ढकलायचा, हे मायनिंगकडून आलेले विषय. करारांचा विषय मुलं टाळतात, आणि नंतर नोकरीत अर्धा वेळ त्यातच जातो. जमिनीखाली अनपेक्षित काही निघालं तर खर्च कुणाचा? २०१९ मध्ये भूमिगत कामांसाठी ‘एमराल्ड बुक’ नावाचा आंतरराष्ट्रीय करारनमुना आला. त्यात कुठला दगड अपेक्षित आहे हे आधीच लिहून ठेवतात आणि त्यापलीकडची जोखीम मालकाची धरतात.

सिल्क्याराबद्दल भाचीनं विचारलंच. १२ नोव्हेंबर २०२३ ला उत्तराखंडमधला तो बोगदा मध्येच कोसळला आणि ४१ मजूर आत अडकले. तोंडाकडची वाट साठेक मीटरच्या ढिगाऱ्यानं बंद. त्यातून पाइप सरकवणारं यंत्र लोखंडात अडकून तुटलं. शेवटचे दहा-बारा मीटर हातांनी, छोट्या फावड्यांनी खणून २८ तारखेला सगळे बाहेर आले. बातम्यांत सुटका आली, आणि यायलाच हवी. अभ्यासाच्या टेबलावर आधीचा प्रश्न असतो: दगड कमजोर होता हे मोजमापांत कधी दिसायला लागलं असेल, आणि आत अडकणाऱ्यांसाठी बाहेर पडायचा दुसरा रस्ता होता का?

पहिल्या नोकरीत हे सगळं एका छोट्या कामात एकवटतं, त्याचं नाव फेस मॅपिंग, म्हणजे नुकत्याच खणलेल्या समोरच्या भिंतीची नोंद. सुरुंग उडतो, धूर ओसरायला अर्धा तास. मग एक जुना माणूस लांब पहार घेऊन माथा ठोकत जातो. माठ घेताना आपण टिचकी मारतो तसंच. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तो तुकडा आत्ताच पाडायचा. त्यानं हात केला की तुम्ही पुढे जाता, वही, होकायंत्र आणि बॅटरी घेऊन. हातात पंधरा-वीस मिनिटं. समोर ओली, वाफाळणारी दगडाची भिंत. भेगा कुठल्या दिशेला झुकल्यात, त्यांत माती आहे का, पाणी कुठून टपकतंय, लाल पट्टा कालच्यापेक्षा किती खाली आलाय, हे काढायचं आणि आकडे भरायचे. मागे शॉटक्रीटचं यंत्र घरघरत उभं, त्याचा ऑपरेटर दर दोन मिनिटांनी विचारतो, ‘साहेब, झालं का?’

भाची म्हणाली, ‘आणि नाही झालं तर?’ मी म्हटलं, तर त्याला थांबवायचं. तुझ्या सहीशिवाय तो मारू शकत नाही, आणि एकदा मारलं की ती भिंत पुन्हा कुणालाच दिसणार नाही.